सुनेच्या वाटणीचा फेरा

यशोधराला सहावा महिना लागला होता, तरी तिनं अजून कशाचंच नाव काढलं नव्हतं. चिंच नको, लोणचं नको, भाजलेल्या मातीचा खडासुद्धा नको. सासू तानीबाई रोज सकाळी स्टोला पंप मारता मारता विचारायची, "आज काय खावं वाटतंया गं?" आणि यशोधरा भिंतीकडं तोंड करूनच म्हणायची, "काय बी चालंल, आत्ती."

तानीबाई निपाणीहून सुनेसाठीच आली होती. सगळा जन्म तिनं तिथं तंबाखूच्या वखारीत काढला. धुरळ्यानं तिचा आवाज घोगरा झाला होता, पण बायकांच्या मोर्चात घोषणा देऊन देऊन तो असा तयार झाला होता, की गल्लीच्या एका टोकाला बोलली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जावं. एकुलता एक मुलगा सिद्राम शिकला, बेळगावात टेलिफोनच्या ऑफिसात कारकून झाला, अनगोळात दोन खोल्यांचं भाड्याचं घर घेऊन राहिला, याचा तिला फार अभिमान. सून मॅट्रिक झालेली, याचाही.

पण या घरात दोनदा वाईट घडलं होतं. पहिल्या वेळी यशोधराचा तिसरा महिना होता, दुसऱ्या वेळी पाचवा. पहिल्या वेळी तिनं हौसेनं सगळ्यांना सांगितलं होतं. माहेरची माणसं नाव काय ठेवायचं यावर भांडलीसुद्धा होती. दुसऱ्या वेळी थोड्यांनाच कळलं. आणि आता तिसऱ्या वेळी कुणी कुणाला काही सांगत नव्हतं, घरातल्या घरातसुद्धा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "सगळं ठीक आहे, काळजी घ्या," एवढंच. सिद्राम येताना गोळ्या आणायचा आणि गुपचूप कोनाड्यात ठेवायचा. तानीबाई घागर उचलू देत नव्हती, उंबऱ्यात बसू देत नव्हती, गल्लीत पाऊल टाकू देत नव्हती. एवढं सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं, त्याच्याबद्दल मात्र तिघंही अवाक्षर काढत नव्हते. बोललं की जाईल, अशी भीती तिघांच्याही मनात बसली होती.

दिवाळी होऊन गेल्यानंतरची गोष्ट. साल त्र्याऐंशी. यशोधरा खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती. गल्लीतून एक रिक्षा आली. तिच्या टपावर भोंगा बांधलेला. आतला माणूस आधी कानडीत आणि मग मराठीत ओरडून सांगत होता, की मैदानावर भव्य प्रदर्शन आलं आहे, मरणाची विहीर आली आहे, हसवणारे आरसे आले आहेत, गगनाला भिडणारा पाळणा आला आहे. रिक्षा कोपऱ्यावरून वळली. यशोधरानं सूप खाली ठेवलं.

"आत्ती," ती म्हणाली, "मला पाळणा पायजे वाटतोय."

तानीबाईच्या हातातली कणीक तशीच राहिली. ती हळूच दाराकडं बघून, कुणी ऐकलं तर नाही ना अशा आवाजात म्हणाली, "असं आधीपास्नं म्हणू ने गं. पाळण्याचं मागनं बघू."

"त्यो न्हवं. प्रदर्शनातला. मोठा, गोल फिरतोय त्यो. त्यात बसावं वाटतंय मला."

तानीबाईला हसावं की रागवावं कळेना. इतके दिवस जिनं चिंचेचं बुटूक मागितलं नाही, तिनं मागितलं तेही काय! "अगं, आंबा माग. न्हाय मिळाला तर गोव्यास्नं आणाय लावतो सिद्रामला. ह्यो कसला डोहाळा?"

"उताणी पडून पडून त्या कौलांकडं बघून कंटाळा आलाय, आत्ती. एकदा उंचावर जाऊन लांबवर बघावं वाटतंय." एवढं बोलून यशोधरानं सूप परत मांडीवर घेतलं. पण तांदूळ तिला दिसत नव्हते. तिचे डोळे भरले होते.

संध्याकाळी सिद्राम आला तेव्हा आईनं त्याला बाहेरच गाठलं. तो ऐकून घाबरलाच. "डोकं फिरलंय का तुमचं दोघींचं? दोन डाव काय झालं ते इसरलासा?"

"म्या कुटं म्हंतो बसव म्हणून? पर डोहाळा पुरवला न्हाय तर कान फुटतोय म्हंत्यात."

"आई, ह्या सगळ्या अंधश्रद्धा हायत. आपुन सोडलंय न्हवं हे सगळं?"

"सोडलंय की. द्येव सोडलं, उपास सोडलं. कान न्हाय सोडला."

शेवटी ठरलं, की डॉक्टरीणबाईंना विचारायचं. तपासणीच्या दिवशी सिद्रामनं मान खाली घालून विचारलं. डॉक्टरीणबाई आधी खूप हसल्या. मग यशोधराच्या चेहऱ्याकडं बघून त्यांचं हसणं थांबलं. "पाळण्यात अजिबात बसायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण जायला काय हरकत आहे? हळू चाला, गर्दी व्हायच्या आत जा, काहीतरी खा आणि परत या. घरात कोंडून घालून कुणाचं भलं झालंय?" हे शेवटचं वाक्य त्यांनी तानीबाईकडं बघून म्हटलं.

रविवारी उन्हं कलायच्या आधीच तिघं निघाली. तानीबाईनं ठेवणीतलं इरकल लुगडं नेसलं होतं. रिक्षावाला कानडी होता. प्रत्येक खड्ड्याला तानीबाई त्याच्या पाठीवर थाप मारून "निधाना, निधाना!" म्हणजे हळू, हळू, असं कानडीत सांगत होती. एकदा तर तिनं त्याला रिक्षा थांबवायला लावली, पुढं एक म्हैस होती म्हणून. म्हैस रस्त्याच्या पार पलीकडं होती.

प्रदर्शनाच्या दारावर बांबूची कमान होती, तिला रंगीत कापडं गुंडाळलेली. आत भज्यांचा वास, पिपाण्या, फुगे. मरणाच्या विहिरीतून मोटरसायकलचा असा आवाज येत होता की तानीबाईनं सुनेला खेचूनच लांब नेलं. "आवाजानं दचकंल," ती म्हणाली आणि कोण दचकेल ते न सांगता गप्प झाली.

आरशांच्या तंबूत मात्र तिघंही गेली. एका आरशात सिद्राम ताडासारखा झाला. एकात तानीबाईचं डोकं भोपळ्याएवढं आणि पाय बोटभर. यशोधरा तिसऱ्या आरशापुढं उभी राहिली. त्यात तिचं पोट असं फुगलं की आरशाच्या दोन्ही कडांना लागलं. ती बघत राहिली. सिद्राम घाबरून तिचा दंड धरणार, तोच ती खुदकन हसली. मग मोठ्यांदा हसली. किती दिवसांनी तो आवाज घरातल्या माणसांनी ऐकला होता! तंबूतल्या परक्या बायकासुद्धा तिच्याबरोबर हसायला लागल्या.

मग ती मोठ्या पाळण्यापाशी आली. मान मागं टाकल्याशिवाय त्याचं वरचं टोक दिसत नव्हतं. लाकडी खोपे करकरत वर जायचे, वर गेल्यावर बायका किंचाळायच्या, आणि खाली येताना पदर सांभाळत हसायच्या. यशोधरा एकटक बघत होती. काही म्हणत नव्हती. पण तिचं ते न म्हणणं तानीबाईला बघवेना.

"एक तिकीट घे," ती मुलाला म्हणाली.

"कुणाला?"

"मला. तिच्या वाटणीचं मी बसतो."

"आई, तू? तुला माडीवर चढलं तर गरगरतंय!"

"आणि तुला खुर्चीवर चढलं तर. म्हणून तर मी बसतो. तुझ्या बानं कवा दिवाळीला भुईचक्र सुदीक लावलं न्हाय, तू काय बसणार?" मग सुनेकडं वळून ती म्हणाली, "तू फकस्त बघ. मी वर गेलो म्हंजे तू वर गेलीस. काय?"

यशोधरानं नको नको म्हणून तिचा हात धरला, पण तानीबाई एकदा ठरवलं की ऐकणारी नव्हती. पाळणेवाला परशराम हा सडपातळ, पान खाऊन ओठ लाल केलेला माणूस होता. त्यानं तिला एका खोप्यात बसवलं. शेजारी शहापूरची एक जाडजूड बाई, अंबुबाई, आधीच बसलेली होती. आडवी सळई लागली. तानीबाईनं दोन्ही हातांनी ती अशी धरली, की जणू पाळणाच तिनं धरून ठेवलाय. इंजिन धडधडलं. खोपा मागं झुकला आणि वर निघाला.

पहिल्या फेऱ्याला तानीबाईचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्या फेऱ्याला एक उघडा होता. तिसऱ्या फेऱ्याला ती पार वर पोचली, आणि खाली इंजिनापाशी फाडकन आवाज झाला. कातड्याचा जाड पट्टा तुटून सापासारखा मातीत पडला. परशरामनं ब्रेक ओढला, तसा पाळणा एक हिसका देऊन थांबला. वर, आभाळाला टेकलेल्या खोप्यात, तानीबाई आणि अंबुबाई हेलकावे खात राहिल्या.

आधी कुणाला काही कळलं नाही. मग वरून रडारड सुरू झाली. खालची माणसं धावली. सिद्राम पांढराफटक पडला. "हातानं फिरवून खाली आणा की!" तो परशरामवर ओरडला.

"तसं सोडता येत न्हाय, साहेब. एका बाजूला वजन जास्त झालंय. ब्रेक सोडला तर गर्रकन फिरंल. दोर लावून, धरून, हळूहळू एकेक खोपा खाली घ्यायला लागंल. माणसं पायजेत. घाबरू नका, पाळणा मजबूत हाय."

 तिकिटवाल्यानं यशोधराला आपल्या स्टुलावर बसवलं. तिच्या मनात आलं, मी मागितलं म्हणून हे झालं. मी मागते आणि काहीतरी होतं. तेवढ्यात वरून तो घोगरा आवाज आला, पण नेहमीचा जोर त्यात नव्हता.

"सिद्राम! आरं मला खाली घ्या रं! माजं डोळं फिरायलेत!"

यशोधरा उठली. सिद्राम तिला बस म्हणत होता, पण तिनं ऐकलं नाही. तोंडाभोवती दोन्ही हात धरून ती ओरडली, "आत्ती! खाली बघू नका! लांब बघा!"

"लांब काय बघू? माजा जीव चाललाय!"

"माझ्या वाटणीचं बसलाय न्हवं तुम्ही? मग मला काय दिसलं असतं ते सांगा की! काय दिसतंय?"

वर तानीबाईनं मान उचलून लांब बघितलं. मग आवाज आला, "किल्ला दिसतोय!"

"आणि?"

"किल्ल्याचं खंदक... झाडं... एक गाडी आलीया ठेसनात, धूर सोडतीया. लई बारकी दिसतीया गं, काड्याच्या पेटीवानी!" आवाजात हळूहळू जोर यायला लागला. "हिकडं शहापूर. कौलंच कौलं. ह्या बाईचं घर तितंच हाय म्हंत्यात, पर ह्या डोळंच उघडंनात! उघडा वो बाई, पैसं दिल्यात न्हवं!"

खाली जमलेली माणसं हसली. वरच्या इतर खोप्यांतलं रडणंही कमी झालं, सगळे तानीबाई काय सांगते ते ऐकायला लागले.

"अनगोळ दिसतंय का?" यशोधरानं विचारलं.

"अनगोळ... व्हय व्हय! त्येच्या पल्याड हिरवं शेत. आणि येळ्ळूरचा डोंगर, निळा! अगं यशे, एवढं मोठं गाव हाय ह्ये! वखारीत बसून बसून मला वाटायचं, जग म्हंजे निपाणीचा बाजार आणि ह्यो बेळगावचा रस्ता. लई लांबवर हाय गं सगळं! लई लांबवर!"

दोर बांधले गेले होते. परशराम माणसं मागत होता. उंचावर बघितलं तरी ज्याला घेरी यायची तो सिद्राम सगळ्यांच्या पुढं जाऊन दोर धरून उभा राहिला, टाचा मातीत रोवून. त्याच्या मागं दहाबारा गडी लागले. पाळणा किंचित हलला. तानीबाईचा खोपा टोकावरून एक हात खाली सरकला. वरून एक किंकाळी आली, ती अंबुबाईची होती. आणि मग त्या भरल्या मैदानात, मोर्चाच्या आवाजात, तानीबाई ओरडली,

"यशे! ऐकतीयास का? तुझं पोर जरा मोठं झालं की त्येला घिऊन येऊ हितं! मी त्येला मांडीवर घिऊन बसतो! पोरगी झाली तरी घिऊन येऊ! तिला बी दावू ह्यो डोंगर!"

यशोधरानं सिद्रामकडं बघितलं. दोराला लागलेल्या सिद्रामनंही मान वळवून बघितलं. दोघांची नजर भेटली. इतके महिने जो शब्द घरात कुजबुजतसुद्धा कुणी उच्चारला नव्हता, तो तानीबाईनं अख्ख्या बेळगावला ऐकू जाईल असा उच्चारला होता. आणि काही झालं नाही. आभाळ होतं तिथंच होतं. एक अनोळखी म्हातारा यशोधराकडं बघून कौतुकानं म्हणाला, "कितवा म्हैना, लेकी?"

"सहावा सरत आला," यशोधरा म्हणाली. आपला आवाज एवढा सरळ निघाला याचं तिलाच नवल वाटलं.

एकेक खोपा खाली येत गेला. तानीबाई जमिनीला पाय लागल्यावर क्षणभर तशीच उभी राहिली. लुगडं सारखं केलं, केस मागं सारले. अंबुबाई तिच्या गळ्यात पडून रडत होती. तिनं अंबुबाईच्या पाठीवरून हात फिरवला, "आता उघडा डोळं, खाली आलाव," असं सांगितलं. मग सुनेपाशी येऊन तिनं तिच्या पोटावर तळवा ठेवला. असा हात तिनं या वेळी अजून एकदाही ठेवला नव्हता. सिद्रामच्या हाताची सालं निघाली होती. परशरामनं तिघांना चहा पाजला आणि तिकिटाचे पैसे परत देऊ केले. तानीबाईनं घेतले नाहीत. "सगळ्यांत जास्त येळ मीच बसलो की वर," ती म्हणाली.

 परत जाताना रिक्षात खड्डे आले तरी तानीबाईनं रिक्षावाल्याला थाप मारली नाही. रेल्वेचं फाटक बंद होतं तिथं रिक्षा थांबली, तेव्हा बाहेर बघत म्हणाली, "सिद्रामच्या आधी माझी दोन गेल्ती."

सिद्रामनं दचकून आईकडं बघितलं. त्याला हे माहीत नव्हतं.

"एक वखारीतच गेलं, कामावर. दुसऱ्या दिशी परत कामाला गेलतो. कुणाला सांगटलं न्हाय. तुझ्या बाला बी मागनं कळलं. मग तू पोटात आलास तवा म्या तोंडच शिवून घेतलं. म्हणून वाटलं, असंच करायचं असतंय. सुनंला बी तसंच गप बसवलं."  फाटकातून मालगाडी चालली होती. डबे संपेपर्यंत तिनं वाट बघितली. "वर बसल्यावर वाटलं, ज्येच्यासाठी एवढं चाललंय त्येला तरी कळाया पायजे की, आपुन वाट बघतोय म्हणून. गप बसलो तर त्येला काय वाटंल? कुणी बोलावलंच न्हाय, जाऊ कशाला, असं वाटंल की न्हाय?"

यशोधरानं सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडली. ते रडणं वेगळं होतं. आत कोंडलेलं पाणी वाट सापडून निघून गेल्यासारखं. तानीबाईनं तिला रडू दिलं. सिद्राम पुढं रिक्षावाल्याशेजारी बसला होता, तो उगीचच चष्मा पुसत राहिला.

त्यानंतरचे दिवस साधेच गेले, पण घर बदललं. सकाळी तानीबाई स्वतःच सुनेला बाहेर काढायची. "जा, शेतापतोर फिरून ये. घोरपडीवानी भिंतीला चिकटू नकोस." यशोधरा हळूहळू चालत जायची. वाटेत भेटणाऱ्या बायकांशी थांबून बोलायची. कुणी काही विचारलं तर सांगायची. एका रविवारी तिघं शहापूरला गेली. अंबुबाईनं पत्ता दिला होता. तिच्या घरी माग होता, नवरा विणायचा. अंबुबाईनं चहा दिला, मागावर उरलेल्या मऊ सुती कापडाचा एक तुकडा दिला आणि म्हणाली, "दुपट्याला हुईल." तानीबाईनं तो उन्हात धरून बघितला आणि सुनेच्या हातात दिला. यशोधरानं त्याला किनार शिवली. मधूनमधून भीती यायचीच. एकदा पाठीत कळ आली तेव्हा तिघांचीही तोंडं सुकली होती. पण आता भीती वाटली की ती बोलून दाखवायची असं झालं होतं. बोलली की ती थोडी लहान व्हायची.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी, दवाखान्यात मुलगी झाली. वजन चांगलं, आवाज आजीवर गेलेला. नर्सनं तिला गुंडाळून बाहेर आणलं तेव्हा व्हरांड्यात ऊन आलं होतं. तानीबाईनं नातीकडं डोळे भरून बघितलं आणि तिला सरळ सिद्रामपुढं धरलं.

"धर."

"नको, आई. पडंल."

"आरं धर! बाप हायस न्हवं?"

सिद्रामनं दोन्ही हात पुढं केले, कोपरं आखडून, जशी काचेची बरणी घ्यावी तसे. पोरीनं तोंड वाकडं केलं, डोळे घट्ट मिटले आणि शिंकली.

"सिस्टर!" सिद्राम ओरडला. "अहो सिस्टर, लवकर या! बघा हिला काय झालं!"

नर्स धावत आली, बघून परत गेली, आणि आत खाटेवर पडलेली यशोधरा विचारत राहिली, "काय झालं? अवो, काय झालं? आत्ती, सांगा की!" पण तानीबाईला हसू आवरत नव्हतं, त्यामुळं तिला सांगायला बराच वेळ लागला.